उसनी जागा: स्पेक्ट्रमवरच्या एका मेनूचं प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्यात, माडीवर, अण्णांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती संगणक अजून चालतो. खरं म्हणजे गेल्या पावसाळ्यात पुन्हा चालायला लागला. कळांच्या खाली प्लास्टिकचा जो पापुद्रा असतो तो या यंत्रांत वयानुसार हमखास तडकतो. तो नवा बसवला, टीव्हीकडे जाणारी तार थेट व्हिडिओची करून घेतली, आणि पडद्याच्या तळाशी ‘१९८२ सिंक्लेअर रिसर्च’ची ओळ उमटली. काकूंनी देवापुढचा पेढा आणून अण्णांच्या हातावर ठेवला.

पण दुरुस्ती हा इथला विषय नाही. विषय आहे त्यानंतर आठ दिवसांनी आलेली मागणी. अण्णा माझ्या वडिलांचे स्नेही, जन्मभर एका प्रयोगशाळेत नोकरी केलेले. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचं हे यंत्र आपल्याकडे १९८६ पासून डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन विकलं, त्यातलं एक अण्णांनी घेतलं आणि दोन उन्हाळ्यांत बेसिक ही त्याची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आपल्या कॅसेटींची यादी त्यावर चढवली. ४०० नोंदी, प्रत्येकी ३० अक्षरं, म्हणजे १२,००० बाइट. यादी करण्याचं वेड बडोद्याला जुनंच आहे. १९१० साली सयाजीरावांनी ग्रंथालयं उभी करायला बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणवला होता. अण्णांच्या नोंदीही ग्रंथालयातल्या कार्डासारख्याच: आधी गायक, मग राग, मग कॅसेटची बाजू. पडद्यावर एक कार्ड उघडं, आणि त्याच्यावर उघडणारी मेनूची खिडकी, जिच्यातून पुढचं कार्ड निवडायचं.

ती खिडकी आतून ११ अक्षरं रुंद होती. रोमन लिपीत ‘फैयाज खान’ लिहायला मधली मोकळी जागा धरून बरोबर ११ अक्षरं लागतात. खाँसाहेब बडोदा दरबारचे गवई, तेव्हा अण्णांकडे त्यांचा साठा मोठा. परिणामी खिडकीत एकाखाली एक आठ वेळा फैयाज खान, आणि राग कुठला ते चौकटीच्या पलीकडे, दिसेनासं.

“खाँसाहेब आहेत हे मला ठाऊक आहे रे,” अण्णा म्हणाले. “ललत कुठली आणि जयजयवंती कुठली, ते कळू दे. खिडकी ओढून मोठी करता यायला हवी. आणि काम झालं की परत लहान. खालचं कार्ड मात्र जसंच्या तसं राहिलं पाहिजे.”

मी मकरपुऱ्याला मीटरचं फर्मवेअर लिहितो. मला वाटलं, एका रविवारचं काम. सेव-उसळ खाऊन बसायचं आणि जेवायच्या आत उठायचं. पाच रविवार गेले.

आधी पडद्याची रचना सांगतो, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिच्यात आहे. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. ठिपके मेमरीत १६३८४ पासून ६१४४ बाइटांत, रंग २२५२८ पासून ७६८ बाइटांत. रंग ठिपक्याला नसतो, आठ बाय आठच्या घराला असतो, आणि एका घरात दोनच रंग. त्यामुळे खिडकीची कड घराच्या मध्ये आली तर मागच्या कार्डाचा रंग खिडकीत किंवा खिडकीचा कार्डात सांडतो. तेव्हा खिडकी ठिपक्या-ठिपक्याने नव्हे, घरा-घराने वाढणार हे पहिल्याच दिवशी ठरलं. पडद्यावर अशी ३२ बाय २४ घरं. एका घराचे आठ बाइट ठिपके आणि एक बाइट रंग, म्हणजे घरामागे ९ बाइट. हा आकडा पुढे वारंवार येणार आहे.

अण्णांच्या मूळ बेसिकमध्ये खिडकी मिटली की अख्खं कार्ड नव्याने छापलं जायचं. लहान-मोठं करताना प्रत्येक पावलाला चार-पाच सेकंद थांबणं शक्य नव्हतं. बेसिकमध्येच निभतंय का म्हणून मी खिडकीखालची अक्षरं स्क्रीन-डॉलरने, म्हणजे पडद्यावरचं अक्षर ओळखणाऱ्या बेसिकच्या सोयीने, वाचून ठेवली. अक्षरं परत आली, पण कार्डाचे नक्षीदार कोपरे गायब झाले. कोपरे अण्णांनी यूडीजीमध्ये, म्हणजे स्वतः काढायच्या त्या २१ चिन्हांमध्ये, हौसेने बनवले होते, आणि स्क्रीन-डॉलरला यूडीजी ओळखता येत नाहीत. तो तिथे एकही अक्षर देत नाही. अण्णांनी काही न बोलता बोट नुसतं त्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवलं. मग मशीन कोडला, म्हणजे बेसिक सोडून थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिण्याला, पर्याय उरला नाही.

पहिली आवृत्ती कोणीही लिहील तशीच होती. खिडकी १३ घरं रुंद, १० घरं उंच, चौकट धरून. उघडण्याआधी तिच्याखालचं सगळं एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत, रांगेमागे रांग ओतायचं, १३० घरं गुणिले ९, म्हणजे ११७० बाइट. मिटताना तेवढंच परत ओतायचं. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी आणि वाटीभर परत करावी, इतका सरळ व्यवहार. न वाढणाऱ्या खिडकीला तो पुरतोही.

वाढणारी खिडकी करताना पहिला दणका वेगळ्याच बाजूने बसला. खिडकी चौथ्या रांगेपासून (मोजणी शून्यापासून) सुरू होती आणि मी तिला आधी खुजी करून मग एकेक घर खाली वाढवत होतो. तळाची कड सातव्या रांगेपर्यंत नीट आली. आठव्या रांगेवर निळा रंग आला, चौकटीची रेघ मात्र आली नाही. ती पडद्याच्या अगदी माथ्यावर, शून्याव्या रांगेत, कार्डाच्या शीर्षकावर उमटली होती. अण्णा म्हणाले, “पाय खाली आणि चप्पल डोक्यावर.”

कारण असं. ठिपक्यांची मेमरी वरून खाली सरळ जात नाही. पडद्याचे तीन भाग आहेत, प्रत्येकी आठ रांगांचे, २०४८ बाइटांचे. मेमरीतला पत्ता दोन बाइटांचा, थोरला आणि धाकटा. एका भागात खालच्या रांगेत जायला पत्त्याच्या धाकट्या बाइटमध्ये ३२ मिळवायचे. सातव्या रांगेवरून ३२ मिळवले की धाकटा बाइट २५५ ओलांडतो आणि हातचा एक येतो. तो आला की थोरल्या बाइटमध्ये ८ मिळवायचे, तरच आपण पुढच्या भागात जातो. मी हातचा तपासलाच नव्हता, त्यामुळे पत्ता फिरून त्याच भागाच्या पहिल्या रांगेत आला. रंगाची मेमरी सरळसोट आहे, म्हणून रंग बरोबर जागी पडला. दोन जास्तीच्या सूचनांनी हे मिटलं. एरवी जुनी खिडकी हीच सीमा ओलांडत असूनही चूक दिसली नव्हती, कारण ती छापताना मी प्रत्येक रांगेचा पत्ता मुळापासून काढत होतो. मिळवत जाण्याचा शहाणपणा फक्त वाढवण्याच्या वेळी केला होता.

खरा आजार त्यानंतर दिसला. उजवा बाण दाबला, खिडकी १३ ची १४ झाली. मिटवली. खालचं कार्ड परत आलं, पण तिरकं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर सरकलेली, टांगलेला कॅलेंडरचा कागद एका खिळ्यावरून निसटावा तशी. डोकं खाजवायला फार वेळ लागला नाही: बफरमध्ये ओळी १३-१३ च्या होत्या आणि मी त्या १४-१४ च्या समजून बाहेर काढत होतो. रुंदीची एकच जागा मेमरीत होती. उसनं घेताना तिच्यात १३ होते, परत करताना १४.

म्हणून क्रम बदलला. बाण दाबला की आधी जुन्या मापाने सगळं परत, मग नवं माप, मग नव्या मापाने पुन्हा उसनं, मग खिडकी. तिरकेपणा गेला. पण घाईत एका वाटेवर, खिडकी आखूड करण्याच्या, मी ‘आधी परत’ ही पायरी विसरलो. तिथे यंत्राने खिडकी पडद्यावर असतानाच तिच्याखालचं म्हणून खिडकीचाच फोटो काढून ठेवला. मग कितीही वेळा मिटवा, कार्डावर निळ्या चौकटीचं भूत कायम. दोन्ही चुकांची जात एकच आहे: किती घेतलं आणि कुणाचं घेतलं, याची वही आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत फरक पडला. कागदावर चित्र काढायचं प्रकरण असतं तर मी कधीच उठलो असतो. सगळा वेळ गेला तो खालचं परत करण्यात.

क्रम दुरुस्त झाल्यावर व्यवहार चोख झाला, आणि दिसायला भिकार. प्रत्येक पावलाला खिडकी क्षणभर नाहीशी व्हायची आणि पुन्हा उगवायची. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं; तो लुकलुकाट त्यांना सहन होईना. हिशेब केला तर लुकलुकणारच होतं. टीव्हीचं एक चित्र स्पेक्ट्रमच्या आतल्या घड्याळाच्या ६९,८८८ ठोक्यांत पूर्ण होतं, सेकंदाला पन्नासच्या आसपास. एलडीआयआर ही यंत्राची सामान उचलून ठेवणारी सूचना, तिला बाइटमागे २१ ठोके लागतात. ११७० बाइट परत करायला साडेचोवीस हजार, नव्या मापाने पुन्हा उसने घ्यायला त्याहून थोडे जास्त, वर मजकूर छापणं वेगळं. मधल्या वेळात टीव्हीवर चित्र रेखणारा किरण उघड्या कार्डावरून फिरून जातोच.

इथे मी जे केलं ते अण्णांना उधळपट्टी वाटलं. खिडकीपुरतं उसनं घेणं सोडून दिलं. मेनू उघडताना एकदाच अख्ख्या पडद्याची नक्कल करायची, ६९१२ बाइट, आणि ती ४९१५२ पासून ठेवायची.

“सात हजार बाइट? एका खिडकीपायी?” अण्णांच्या काळात माणसं एकेका बाइटवर जगली होती. मग वही काढून बसलो. बेसिकचा प्रोग्रॅम २३७५५ पासून सुरू होतो. क्लिअर ४९१५१ या सूचनेने बेसिकची हद्द तिथे आखली तर त्याला २५,३९७ बाइट उरतात. यादीचे १२,०००, प्रोग्रॅमचे सुमारे ९,०००. बसतंय. अण्णांनी बेरीज स्वतः पुन्हा केली आणि मगच मान डोलावली.

४९१५२ हा पत्ता मात्र हौसेचा नव्हे. तो पडद्याच्या पत्त्यापेक्षा बरोबर ३२७६८ ने पुढे आहे, म्हणजे पत्त्याच्या थोरल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट शून्याचा एक केला की पडद्यावरल्या घरावरून थेट त्याच्या नकलेवर पोचतो. गुणाकार नाही, रुंदी-उंची नाही, तक्ता नाही. बफरमध्ये ओळी किती-कितीच्या हा प्रश्नच संपला, म्हणून तिरकेपणा आता येऊच शकत नाही. भूतही नाही, कारण नक्कल काढली जाते तेव्हा खिडकी जन्मलेलीच नसते.

आणि मग लुकलुकाटाचं उत्तर आपोआप पुढे आलं. खिडकी उजवीकडे एक घर वाढली तर पडद्यावर नेमकं काय बदलतं? फक्त दोन उभ्या पट्ट्या. जिथे उजवी चौकट होती तिथे प्रत्येक नावाचं पुढचं एक अक्षर येतं, आणि चौकट पलीकडच्या पट्टीत जाते. आखूड करताना उलट: शेवटच्या अक्षरांच्या पट्टीत चौकट, आणि जुन्या चौकटीची पट्टी नकलेतून परत. दहा घरांची पट्टी म्हणजे ९० बाइट. कुठे ११७० आणि कुठे ९०! खाली-वर करताना हेच आडव्या पट्ट्यांत.

याच्या आधी एक हॉल्ट घातला. हॉल्ट झाला की यंत्र पुढच्या इंटरप्टपर्यंत, म्हणजे टीव्हीच्या प्रत्येक चित्रागणिक त्याला मिळणाऱ्या हाकेपर्यंत, थांबतं, आणि इंटरप्ट येतो तेव्हा किरण वरच्या काठात असतो. तिथून पडद्याचा पहिला ठिपका रंगायला १४,३३६ ठोके असतात. दोन पट्ट्यांचं काम त्याच्या आत उरकतं. किरण पडद्यावर येईपर्यंत सगळं जागच्या जागी. खिडकी आता पडदा सरकावा तशी सरकत होती. अण्णांनी उजवा बाण दाबून धरला आणि पहिल्या ओळीत खाँसाहेबांच्या पुढे एकेक अक्षर येत ललत पुरी झाली. “सरस,” एवढंच म्हणाले. बडोद्यात मराठी माणसाच्या तोंडून खरी दाद गुजरातीतच निघते.

दाबून धरण्यावरून: कळ पुन्हा लागू होण्याआधी स्पेक्ट्रम ३५ इंटरप्ट थांबतो, म्हणजे पाऊण सेकंदाला थोडं कमी. ही मुदत मेमरीत २३५६१ या पत्त्यावर असते. तिथे १५ घातले आणि त्या कळेतला आळस गेला.

मग दुर्घटना. मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि अण्णांनी ते केलं जे मी पाच आठवड्यांत एकदाही केलं नव्हतं: डावा बाण दाबून धरला, खिडकी किती लहान होते ते बघायला. मी परत आलो तेव्हा खिडकीच्या जागेपासून खाली सगळा पडदा निळा, आणि यंत्र गप्प. कुठलीच कळ चालेना.

रांगेला रंग भरताना मी जुनी युक्ती वापरली होती. पहिल्या घरात रंग ठेवायचा आणि एलडीआयआरला सांगायचं, याचीच शेजारच्या घरात नक्कल करत जा, रुंदी वजा एक इतक्या वेळा. रुंदी १ झाली की मोजणी शून्य. आणि एलडीआयआर आधी उचलतो, मग एक कमी करतो, मग शून्य झालं का बघतो. त्याला दिलेला शून्य म्हणजे ‘काही करू नको’ नव्हे, ६५,५३६ वेळा. निळा रंग पडद्याचा तळ ओलांडून यंत्राच्या स्वतःच्या नोंदींवर गेला, तिथून अण्णांच्या प्रोग्रॅमवर, ४०० नोंदींवर, पडद्याच्या नकलेवर, आणि शेवटी ५७००० ला बसलेल्या माझ्याच कोडवर. या सगळ्याला सेकंदाचा पाचवा भाग पुरला असेल. यादी टेपवर होती म्हणून वाचलो. १२,००० बाइट परत यायला मिनिट-सव्वामिनिट त्या किरकिरीत अण्णा माझ्याकडे न बघता टीव्हीकडे बघत बसले.

मर्यादा कुठे तपासायची यावर मी नोकरीत तरुण पोरांशी वाद घालतो: बाण वाचणाऱ्या भागात की रंग भरणाऱ्या भागात. इथे दोन्हीकडे घातली. बाणाकडे, कारण सहा घरांपेक्षा लहान खिडकीत वाचण्यासारखं काही उरत नाही. रंगाकडे, कारण उद्या ते कोड दुसऱ्या कुणी बोलावलं तर त्याला बाणांचा नियम माहीत नसेल. वरच्या टोकाला उजवी कड ३१ व्या स्तंभावर आणि तळ २१ व्या रांगेवर थांबतो, कारण शेवटच्या दोन रांगा बेसिक स्वतःच्या प्रश्नोत्तरांना वापरतं.

दोन किरकोळ गोष्टी. खिडकी बुटकी करताना निवडलेली ओळ चौकटीखाली जाऊ शकते. तेव्हा यादीच वर सरकवावी लागते, आणि त्या एका वेळी पट्टीची युक्ती सोडून आतला सगळा मजकूर छापावा लागतो. थोडं लुकलुकतं, चालतं. दुसरी: मशीन कोडमधून बेसिककडे परतताना रजिस्टरांच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांच्या, दुसऱ्या जोडीतल्या एचएल या कप्प्यात १००७२ हा आकडा शाबूत लागतो. मी ती जोडी मोकळी समजून वापरत होतो आणि यंत्र परतीच्या वाटेवर कोसळत होतं. एक दुपार त्यात गेली.

आता खिडकीचं शेवटचं माप अण्णा बेसिकच्या दोन चलांत ठेवतात आणि ती यादीबरोबर टेपवर जातात. सध्या ती २६ बाय १८ आहे.

त्यांची नवी मागणी डाव्या कडेची आहे. कार्डाची उजवी बाजू झाकली जाते, तर खिडकी डावीकडे का वाढू नये? वाढू शकते, पण डावी कड सरकली की प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर सरकतं, पाठोपाठ सगळीच, आणि दोन पट्ट्यांचं काम अख्ख्या खिडकीचं होतं. २६ बाय १८ च्या खिडकीत ४६८ घरं, ४२१२ बाइट. नुसत्या उचल-ठेवीलाच ८८ हजार ठोके, चित्रभराच्या वेळेपेक्षा जास्त. अण्णांना मी म्हटलं, त्यापेक्षा अक्षरं जागीच ठेवू आणि डावीकडे नुसता कोरा समास वाढवू. त्यांनी विचारलं, कोऱ्या समासात वाचायचं काय? ते रविवारी बोलू असं ठरलंय.